डेलानोचा द्राक्ष संप नक्की सुरू कोणी केला? (फिलिपिनो शेतमजूर, थोडं लांबलंय)

चिंचगूळ

कॅलिफोर्नियात युनियन सिटी, फ्रीमाँट या पट्ट्यात राहणाऱ्यांना इटलिआँग-व्हेरा क्रूझ मिडल स्कूल माहीत असेल. कधी विचार केलाय का ही नावं कोणाची? मी बरीच वर्षं समजत होते की कोणीतरी स्थानिक नगरसेवक वगैरे असतील. मग एकदा वाचायला बसले आणि वाचतच गेले, म्हणून हा धागा.

लॅरी इटलिआँग आणि फिलिप व्हेरा क्रूझ, दोघंही फिलिपिनो शेतमजूर. शेतमजुरांचा पुढारी म्हणून सीझर चावेझचं नाव सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या नावाने कॅलिफोर्नियात रस्ते झाले, सुट्टी झाली. पण ज्या संपामुळे चावेझ जगाला कळला तो 1965 चा डेलानोचा (कॅलिफोर्नियातलं द्राक्षमळ्यांचं गाव) द्राक्ष संप त्याने सुरू केलेलाच नाही! 7 सप्टेंबरच्या रात्री डेलानोच्या फिलिपिनो हॉलमध्ये बैठक झाली, हात वर झाले, आणि 8 तारखेला सकाळी हजाराच्या वर फिलिपिनो मजूर द्राक्षाच्या मळ्यात गेलेच नाहीत. त्यांची युनियन वेगळी होती, ॲग्रिकल्चरल वर्कर्स ऑर्गनायझिंग कमिटी, शॉर्टफॉर्म एडब्ल्यूओसी, आणि तिथला संघटक म्हणजे हा लॅरी. हाताची तीन बोटं गेलेली, तोंडात कायम सिगार, फिलिपिन्सच्या कितीतरी भाषा बोलणारा, पत्त्यांत पक्का. मागणी काय तर तासाला 1 डॉलर 40 सेंट आणि पेटीमागे 25 सेंट. हाच दर त्याच वर्षी मे महिन्यात कोचेला खोऱ्यात संप करून दहाएक दिवसांत मिळवला होता, मग तीच माणसं तीच द्राक्षं तोडायला उत्तरेला डेलानोला आली तर इथले मालक कमी दर सांगायला लागले. म्हणजे भडका उडणारच ना.

चावेझची संघटना मेक्सिकन मजुरांची, आणि त्याच्या मते संपाची तयारी व्हायला अजून दोन-तीन वर्षं लागणार होती. पण मेक्सिकन मजूर संपात आले नाहीत तर मालक त्यांनाच वापरून फिलिपिनोंचा संप मोडणार हे उघड होतं, आधी कित्येकदा असंच झालं होतं (आणि उलटंही). लॅरीने जाऊन गळ घातली. 16 सप्टेंबरला, मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनी, चर्चमध्ये सभा झाली आणि तेही उतरले. पुढे पाच वर्षं संप, देशभर द्राक्षांवर बॉयकॉट, 1970 च्या जुलैमध्ये मालकांनी करारांवर सह्या केल्या.

मला छळणारा प्रश्न हा की पहिल्या दिवशी संपावर गेलेली माणसं बहुतेक पन्नाशी-साठीची होती, एकटी, ना बायको ना मुलं. ही एवढी एकट्या म्हाताऱ्यांची फौज आली कुठून? आणि संप जिंकल्यावर त्यांचं काय झालं? जाणकारांनी लिहा.

सहज_सुचलं

वा, मस्त विषय. पण एक बेसिक शंका, फिलिपिनो लोक अमेरिकेत शेतमजूर म्हणून आलेच कसे? त्या काळात आशियातल्या लोकांना बंदी होती ना?

बखरबहाद्दर

@सहज_सुचलं, त्यातच तर मेख आहे. 1882 ला चिनी मजुरांना बंदी, 1907-08 ला जपान्यांशी समझोता करून मजूर थांबवले, 1917 ला हिंदुस्थानसकट जवळजवळ सगळा आशिया बाद, 1924 ला उरलीसुरली फटही बुजवली. प्रत्येक वेळी गोऱ्यांच्या युनियन आणि पुढारी ओरडायचे आणि मळेवाले म्हणायचे मग तोडणी कोण करणार तुमचा काका? पण फिलिपिन्स 1898 नंतर अमेरिकेचीच वसाहत. तिथले लोक नागरिक नाहीत पण परकेही नाहीत, त्यांना 'नॅशनल' म्हणायचे, अमेरिकन पासपोर्टवर येऊ शकत होते. मतदान नाही, नागरिकत्व नाही, पण बोटीत बसून या आणि राबा. 1930 पर्यंत एकट्या कॅलिफोर्नियात तीस हजारांच्या आसपास झाले. बहुतेक इलोकोस, पंगासिनान, विसायाकडची विशीतली पोरं. शाळेत अमेरिकन मास्तरांनी लिंकन शिकवलेला, त्यामुळे इथे येऊन शिकू, वकील बिकील होऊ अशी स्वप्नं. व्हेरा क्रूझ स्वतः 1926 ला आला, लॅरी 1929 ला, तेव्हा तो पंधरा वर्षांचा.

आता चिंचगूळ ताईंचा प्रश्न, एकटे का. दर चौदा पुरुषांमागे एक बाई असं प्रमाण होतं. मळेवाल्यांना एकटा, कुठेही हलवता येणारा गडी हवा होता, कुटुंबकबिला नको. आणि गोऱ्या मुलीशी लग्न करायला कॅलिफोर्नियात कायद्याने बंदी. त्यातली गंमत बघा (गंमत कसली डोंबलाची), कायद्यात 'मंगोलियन' असा शब्द होता. 1933 ला साल्वादोर रोल्डान नावाच्या फिलिपिनोने कोर्टात सिद्ध केलं की आम्ही मलय आहोत, मंगोलियन नाही, आणि केस जिंकली. तर त्याच वर्षी विधिमंडळाने कायद्यात 'मलय' शब्द घालून दार बंद केलं! ते उघडलं थेट 1948 ला, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदाच रद्द केला तेव्हा. तोवर ही पोरं चाळिशी ओलांडून गेलेली. म्हणजे म्हाताऱ्या ब्रह्मचाऱ्यांची फौज आपोआप तयार झाली नाही, कायदा करून केली.

तिरकस_आंबा

लग्नबंदी होती हे खरं पण सगळेच सडे राहिले असं नाही हां. मेक्सिकन बायकांशी बऱ्याच जणांनी लग्नं केली, सॅन डिएगोकडे तर त्यांच्या मुलांना मेक्सिपिनो असा शब्दच आहे. आपल्या पंजाब्यांनी इंपीरियल व्हॅलीत आणि युबा सिटीकडे हेच केलं. क्लार्कला दोघं सारखेच सावळे दिसले की तो लायसन देऊन टाकायचा.

सहज_सुचलं

पंजाब्यांचं माहीत होतं. मग हिंदुस्थानी आणि फिलिपिनो मजुरांचा काही संबंध आला का?

बखरबहाद्दर

कागदावर तरी नक्की आला. 2 जुलै 1946 ला ट्रूमनने सही केलेला ल्यूस-सेलर कायदा, त्यात हिंदुस्थानी आणि फिलिपिनो दोघांना एकदमच नागरिकत्व घ्यायची मुभा मिळाली आणि वर्षाला फक्त 100-100 माणसांचा कोटा. त्यानंतर दोनच दिवसांनी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. त्याआधी 1934 च्या कायद्याने फिलिपिन्सला 'दहा वर्षांनी स्वातंत्र्य देऊ' म्हणताना फिलिपिनोंना लगोलग परदेशी ठरवून टाकलं होतं, कोटा वर्षाला 50. 1935 ला तर फुकट तिकीट देऊन परत पाठवायची योजना काढली, अट अशी की एकदा गेलात की परत यायचं नाही. दोनेक हजार लोक गेले. बाकीच्यांनी विचारलं, रिकाम्या हाताने गावाला तोंड कसं दाखवू?

अवांतर: आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे याच किनाऱ्यावर ऑरेगन, वॉशिंग्टनकडे शेतकी शिकत होते आणि पंजाबी मजुरांमध्ये गदरचं (स्वातंत्र्यासाठीची क्रांतिकारी संघटना) काम करत होते, पुढे मेक्सिकोत चापिंगोला प्राध्यापक झाले. त्यांच्यावर वेगळा धागा काढायला हवा कोणीतरी.

हवाईचप्पल

मेनलँडच्या आधी हवाई, ते राहिलंच की. 1906 च्या डिसेंबरात डोरिक नावाच्या बोटीतून पहिले 15 फिलिपिनो होनोलुलूला उतरले, उसाच्या मळ्यांसाठी. त्यांना सकादा म्हणतात. पुढच्या चाळीस वर्षांत मळेवाल्यांच्या संघटनेने सव्वा लाखाच्या आसपास माणसं आणली. धोरण उघडउघड होतं, जपानी मजूर संप करायला लागले की फिलिपिनो आणायचे, वेगवेगळ्या कॅम्पात ठेवायचे, वेगळा पगार द्यायचा. 1924 ला पाब्लो मानलापितच्या पुढाकाराने मोठा संप झाला, त्यात काउई बेटावर हानापेपेला पोलिसांशी चकमक होऊन 16 संपकरी आणि 4 पोलीस मेले. मानलापितला आधी जेल, मग बेटाबाहेर हाकललं.

पण 1946 चा किस्सा माझा आवडता आहे. संप येणार हे दिसत असताना मळेवाल्यांनी इलोकोसहून सहा हजार नवे मजूर मागवले. तर गोदी कामगारांच्या युनियनने, आयएलडब्ल्यूयू, आपली माणसं त्याच बोटीवर खलाशी म्हणून घुसवली आणि हवाई यायच्या आत सगळ्यांना मेंबर करून टाकलं! मालकांनी स्वतःच्या खर्चाने संपकरी आणले. 79 दिवसांचा संप, आणि जिंकला. एकच युनियन, जपानी फिलिपिनो पोर्तुगीज सगळे एकत्र.

तिरकस_आंबा

@हवाईचप्पल हा किस्सा जबरी आहे. (आणि आयडी पण)

डेल्टावासी

मी स्टॉकटनला राहते, इथलं थोडं लिहिते. डाउनटाऊनमध्ये एल डोराडो आणि लाफायेट स्ट्रीटच्या आसपास लिटल मनिला होतं. फिलिपिन्सबाहेर सगळ्यात जास्त फिलिपिनो कुठे तर इथे, असं एकेकाळी म्हणायचे. न्हावी, खाणावळी, पूल हॉल, लॉज, रिझाल सोशल क्लब. आणि हॉटेलच्या दारावर पाटी, 'फिलिपिनोंना सक्त मनाई', तिचा फोटो बऱ्याच जणांनी पाहिला असेल. ओळीने चार चौक सोडून मेन स्ट्रीट ओलांडली की पोलीस हटकायचे.

ॲस्परॅगस हे इथलं पीक. डेल्टाची जमीन काळी, भुसभुशीत, तिची धूळ उडून अंगाला इतकी खाज सुटते की कपड्यावर कपडे, तोंडाला फडकं असं सगळं बांधून भर उन्हात काम. कोंब जमिनीतून वर आला की लांब दांड्याच्या चाकूने जमिनीखाली कापायचा, दिवसभर कमरेत वाकून, आणि कोंब एका दिवसात वाढून जातो त्यामुळे रोज त्याच ओळीतून परत जायचं, सुट्टी नाही. गोरे लोक म्हणायचे फिलिपिनो बुटके असतात म्हणून त्यांना वाकायला सोपं जातं. हे अगदी गंभीरपणे म्हणायचे!

वर्षाचं चक्र असं: वसंतात स्टॉकटनला ॲस्परॅगस, उन्हाळ्यात अलास्काला सामन मासे डबाबंद करणाऱ्या कॅनऱ्यांमध्ये (लॅरीची बोटं तिथंच गेली), परत येऊन सालिनासला लेट्यूस, डेलानोला द्राक्षं. दहावीस जणांची टोळी एकत्र फिरायची, एकच गाडी, एकच स्वयंपाकी, एकाच गावची किंवा नात्यातली माणसं. टोळीचा ठेकेदार पण फिलिपिनो. शनिवारी रात्री मात्र कडक इस्त्रीचा सूट, केसाला पोमेड, चकाचक बूट आणि डान्स हॉल, एका नाचाला दहा सेंट. आठवड्याची कमाई तिथे नाहीतर जुगाराच्या अड्ड्यावर. जवळ कोण होतं ज्याच्यासाठी साठवायचं, उरलं तर गावाला मनीऑर्डर.

बखरबहाद्दर

डान्स हॉलवरून आठवलं, कॅलिफोर्नियातलंच वॉट्सनव्हिल. जानेवारी 1930. समुद्रकाठच्या एका डान्स हॉलमध्ये फिलिपिनो पोरं गोऱ्या मुलींबरोबर नाचतात म्हणून पाच दिवस जमाव गावात आणि मळ्यांवर फिरून मारहाण करत होता. शेवटी मळ्यातल्या बंकहाउसवर गोळ्या झाडल्या, त्यात फर्मिन तोबेरा हा 22 वर्षांचा मजूर मेला. त्याचा देह मनिलाला नेला, तिथे राष्ट्रीय अपमान दिन म्हणून शोक पाळला गेला. खुनासाठी शिक्षा कोणालाच झाली नाही. कॅलिफोर्निया राज्याने दिलगिरी व्यक्त केली ती 2011 ला.

द्राक्षवाला_तासगाव

नमस्कार, बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आमची द्राक्षबाग आहे म्हणून बागेच्या अंगानं सांगतो. तो संप द्राक्षातच का पेटला आणि तोडणीच्या वेळीच का, हे बागायतदाराला लगेच कळतं. खायची द्राक्षं, वाइनची नव्हे. घड साखरेवर आला की आठवडा-दहा दिवसांत उतरवायचा, त्यात फुटका-कुजका मणी कात्रीनं काढायचा, लव पुसली जाऊ द्यायची नाही, देठाला धरून पेटीत बसवायचा. हे काम कुणीही आलंगेलं करू शकत नाही. आमच्याकडं पण विरळणी आणि पॅकिंगच्या टोळ्या ठरलेल्या असतात, त्यांनी फोन उचलला नाही तर मालकाला झोप लागत नाही. तिथं पाऊस यायच्या आत माल काढायची घाई. तेव्हा त्या म्हाताऱ्यांच्या हातात कसब होतं आणि वेळ त्यांच्या बाजूची होती. त्यांना ते पक्कं ठाऊक असणार.

आणि एक, आमची थॉम्पसन तिकडूनच आलेली. युबा सिटीच्या थॉम्पसनच्या नावाची जात. आमच्या बोरगावची तास-ए-गणेश ही तिच्यातूनच निवडलेली.

चिंचगूळ

@द्राक्षवाला, हे कुठल्याच पुस्तकात असं सांगितलेलं नाही, फार छान.

त्यांना ठाऊक होतं हे अगदी बरोबर, कारण ती माणसं नवशिकी नव्हतीच. 1934 ला सालिनासला लेट्यूसचा संप, 1939 ला गुड फ्रायडेच्या दिवशी ॲस्परॅगसचा, भर सीझनला हजारोंनी कोयता खाली ठेवला आणि मालक लगेच नमले, 1948 ला परत ॲस्परॅगस. तीस वर्षांचा संप करायचा अनुभव होता त्यांना. चावेझच्या संघटनेला 1965 मध्ये जेमतेम तीन वर्षं झालेली. आपण वाचतो ती गोष्ट अशी असते की एक संत आला आणि त्याने मुक्या मजुरांना जागं केलं. मुके कुठले, हे चांगले मुरलेले लोक होते.

तिरकस_आंबा

थांबा थांबा, आता जरा दुसरी बाजू. चावेझला खाली ओढायची फॅशन झालीय. कोचेलासारखा दहा दिवसांत निकाल डेलानोत लागला नसता. मालकांनी काय केलं? कॅम्पातलं लाइट, गॅस, पाणी तोडलं, वीस-वीस वर्षं तिथं राहिलेल्या म्हाताऱ्यांचं सामान रस्त्यावर टाकलं. बाहेरून मजूर आणले. ज्या जुन्या संपांचं तुम्ही सांगताय ते जिंकले पण टिकले का? पुढच्या सीझनला पहिले पाढे पंचावन्न. टिकाऊ करार मिळवायला बॉयकॉट लागला, राज्याच्या राजधानीची, सॅक्रामेंटोची पदयात्रा लागली, चर्च, विद्यार्थी, रॉबर्ट केनेडी, हे सगळं चावेझने जमवलं. 1935 च्या कामगार कायद्यातून शेतमजूर वगळलेले होते, निवडणूक घेऊन युनियनला मान्यता मिळवायचा हक्कच नव्हता. पण त्या कायद्यात नाहीत म्हणून दुकानांवर बॉयकॉट करायला असणारी बंदीही त्यांना लागू नव्हती. ही फट वापरणं हे डोकं होतं. शिवाय आकडे बघा, मजुरांत मेक्सिकन कितीतरी पट जास्त.

डेल्टावासी

आकड्यांचाच तर प्रॉब्लेम झाला. 1966 च्या ऑगस्टमध्ये दोन युनियन एक झाल्या, चावेझ डायरेक्टर, लॅरी असिस्टंट डायरेक्टर. सभा स्पॅनिशमध्ये, वर बसलेले निर्णय घेणारे बहुतेक मेक्सिकन आणि गोरे कार्यकर्ते-वकील. सुरवातीला फिलिपिनो हॉलमध्ये एकच स्वयंपाकघर चालायचं, दोन्हीकडचे संपकरी एका पंगतीला, तो काळ त्यातल्या त्यात बरा. खरा घाव बसला तो 1970 नंतर, जिंकल्यावर. युनियनने हायरिंग हॉल काढला, म्हणजे काम युनियनच्या खिडकीवरून सीनियॉरिटीप्रमाणे मिळणार. ऐकायला न्याय्य. पण त्याने काय झालं, मी वर लिहिली ती टोळी मोडली. तीस वर्षं एकत्र राहणारा, खाणारा एक जण या मळ्यावर, दुसरा चाळीस मैलांवर. ज्याला कुटुंब नाही त्याचं कुटुंब म्हणजे ती टोळी. युनियनचा शत्रू होता ठेकेदार, आणि ठेकेदारी मोडायलाच पाहिजे होती हे मान्य, पण फिलिपिनोंच्या बाबतीत ठेकेदार हा बऱ्याचदा त्यांच्याच गावचा, आजारपणात उसने देणारा माणूस. लॅरी हेच सांगत होता. 1971 ला तो सोडून गेला. 1973 ला मालकांनी टीमस्टर्स या प्रतिस्पर्धी युनियनशी करार केले तेव्हा बरेच फिलिपिनो तिकडे गेले, त्यांना गद्दार म्हणणं सोपं आहे.

तिरकस_आंबा

हायरिंग हॉलचा मुद्दा मान्य. तो नुसता फिलिपिनोंनाच नाही, मेक्सिकन मजुरांनाही जाचला होता. पण 'गावचा ठेकेदार' म्हणून हळवं व्हायला नको. उसाच्या फडात मुकादम पण गावचाच असतो आणि उचल पण तोच देतो.

डेल्टावासी

हे मात्र बरोबर बोललात.

सहज_सुचलं

आणि व्हेरा क्रूझ? तो राहिला का शेवटपर्यंत?

बखरबहाद्दर

तो व्हाइस प्रेसिडेंट म्हणून 1977 पर्यंत राहिला. त्या वर्षी चावेझ फिलिपिन्सचा राष्ट्राध्यक्ष मार्कोसच्या आमंत्रणावरून मनिलाला गेला. फिलिपिन्समध्ये 1972 पासून मार्शल लॉ, विरोधक तुरुंगात, संपावर बंदी, आणि शेतमजुरांचा नेता हुकूमशहाचा पाहुणचार घेऊन कौतुक करून आला. व्हेरा क्रूझने राजीनामा दिला. पण गंमत अशी की डेलानोतल्या बऱ्याच म्हाताऱ्यांना ती भेट आवडली होती, मार्कोस इलोकोसचा, म्हणजे 'आपल्या'कडचा! चावेझ गेलाच मुळी फिलिपिनो मजुरांना खूश करायला. पुढे 1981 ला सिएटलला कॅनरी युनियनचे दोन तरुण फिलिपिनो पुढारी, सिल्मे डोमिंगो आणि जीन व्हिएर्नेस, ऑफिसात गोळ्या घालून मारले, आणि 1989 ला अमेरिकन ज्युरीने त्यासाठी मार्कोसला जबाबदार धरलं. म्हणजे व्हेरा क्रूझ उगाच तत्त्वाचा पुतळा होऊन बसला नव्हता.

चिंचगूळ

मला त्याचा हट्ट पटतो. लॅरी 1977 च्याच फेब्रुवारीत गेला, 63 वर्षांचा होता. व्हेरा क्रूझ 1994 ला.

युनियनने एक गोष्ट मात्र चांगली केली ती सांगायला हवी, अगबयानी व्हिलेज. पाउलो अगबयानी नावाचे मनाँग पिकेट लाइनवर, म्हणजे मळ्याबाहेर निदर्शनं करताना, हार्ट अटॅकने गेले (मनाँग म्हणजे थोरला भाऊ, या सगळ्या म्हाताऱ्यांना तसंच म्हणतात). त्यांच्या नावाने निवृत्त मजुरांसाठी साठेक खोल्यांचं घर बांधलं, 1974 ला उघडलं. देशभरातून हजारो पोरंपोरी, त्यात फिलिपिनो कॉलेजवाले खूप, विटा रचायला येऊन गेले. तोवर कॅम्पातून काढल्यावर जायला जागाच नव्हती. दुर्दैव एवढंच की वर्षानुवर्षं लढत राहिलेले कित्येक मनाँग तोवर वारले होते.

डेल्टावासी

शहरात राहणाऱ्यांचं तर अजून वाईट. इथलं लिटल मनिला साठ-सत्तरच्या दशकात क्रॉसटाऊन फ्रीवेखाली गेलं, चौकच्या चौक पाडले. सॅन फ्रान्सिस्कोत इंटरनॅशनल हॉटेलमध्ये म्हातारे मनाँग राहायचे, तिथून 4 ऑगस्ट 1977 च्या पहाटे पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं, बाहेर तीनेक हजार लोक साखळी करून उभे. ज्या शेरीफने आधी हे काम नाकारून काही दिवस जेल भोगली होती तोच त्या पहाटे स्वतः हातोडा घेऊन दार फोडत होता. मग ती जागा पंचवीसेक वर्षं नुसती खड्डा म्हणून पडून!

सहज_सुचलं

डिसेंबरात एलएला चाललोय गाडीने, डेलानो वाटेत पडतं. बघण्यासारखं काही आहे का?

डेल्टावासी

हायवे 99 ने जात असाल तर हो, 5 ने नाही. फिलिपिनो हॉल अजून उभा आहे, बाहेरून साधी बसकी इमारत, आत जायचं असेल तर आधी विचारून घ्या. गावाच्या पश्चिमेला फोर्टी एकर्स, युनियनची जुनी जागा, अगबयानी व्हिलेज तिथंच. स्टॉकटनला थांबलात तर लिटल मनिलाच्या मोजक्या इमारती उरल्यात त्या दाखवीन, अर्धा तास पुरे. डिसेंबरात सकाळी टुले धुकं असतं, समोरचा ट्रक दिसत नाही, दहाच्या आत निघू नका.